मोलाआधीचं पाणी

पंगतीत बसलेला माणूस आधी काय वाढलंय ते बघतो. लोटननाना कासार ताट बघत. नुसतं बघून त्यांचं भागत नसे. मधल्या बोटाचं पेर ताटाच्या काठावर टिचकन मारायचं आणि मान तिरपी करून ऐकायचं. वाढप्याला वाटे नाना वरण मागताहेत, म्हणून तो धावत येई. नाना त्याला हातानंच थांबवत आणि शेजाऱ्याच्या कानाशी लागून सांगत, "हे ताट यांचं नव्हे. उसनं आहे. यांच्या घरात एवढं चांगलं कासं कधी आलेलं नाही." मग निवांत जेवत. नानांना जेवायला बोलावताना धुळ्याच्या चौथ्या गल्लीतले लोक पत्रावळी काढत, त्याचं कारण हे होतं.

चौथ्या गल्लीतच त्यांचं दुकान होतं. पुढच्या बाजूला नवी भांडी टांगलेली, मागच्या अंधारात मोड. घरात एखादी कळशी गळायला लागली, घंगाळाचं बूड गेलं, की बाई ते कासाराकडे आणते. कासार ते मोडीच्या भावानं तोलून घेतो, वरचे पैसे सांगतो आणि नवं भांडं देतो. मोड पुढे ओताऱ्याच्या मुशीत जाते आणि नवं पितळ होऊन परत येते. नानांच्या वडिलांनी हाच धंदा केला, आजोबांनी केला, आणि त्यात डोकं चालवावं असं दोघांनाही कधी वाटलं नाही. दुकानात तराजू होता. जे काय डोकं चालवायचं ते तो चालवी.

१९०६ साली वडील वारले आणि विशीतले लोटन गादीवर बसले. पहिली सहा वर्षं त्यांनीही तराजूवरच काढली. मग पिंप्राळ्याची तानुबाई भेटली.

जळगावला कोणाच्या तरी लग्नाला गेले होते, तर जाता जाता शेजारच्या पिंप्राळ्यात मोड गोळा करून यावी, असा हिशेबी विचार. तानुबाई नावाच्या म्हातारीनं घरातून एक टांगता दिवा आणला. साखळीला एक हत्ती, हत्तीवर माहूत, आणि सोंडेखाली दिव्याची वाटी. तेल हत्तीच्या पोटात भरायचं. वाटीतलं तेल संपत आलं की सोंडेतून थेंब थेंब उतरायचं, वाटी भरली की आपोआप थांबायचं.

"नीट बघ रे भाऊ," तानुबाई म्हणाली. "जुना शे."

"जुना आहे म्हणून तर मोडीत घेतोय, आजी," लोटन म्हणाले. नवा असता तर कोण घेतो, असंही म्हणाले आणि स्वतःच हसले. हत्ती तराजूत बसला. नऊ रुपये झाले. म्हातारीनं गूळपाणी दिलं, ते त्यांनी घटाघटा प्यायलं, आणि आठवड्याच्या आत हत्ती मुशीत गेला.

दोन वर्षांनी जळगावातच एका वकिलांकडे हंडे पोचवायला गेले असताना टेबलावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडं पडलं होतं. त्यात तोच हत्ती. तसाच नसेल, त्याचा भाऊ असेल. पण सोंड तीच, माहूत तोच. वकिलांनी वाचून सांगितलं की हा दिवा विलायतेत काचेच्या कपाटात ठेवलेला आहे आणि लांबून लांबून लोक तो बघायला येतात. लोटननी विचारलं, "किंमत काय लिहिलीय?" वकील म्हणाले, "किंमत नाही लिहिलेली. त्यांना तो विकायचाय कुठे?"

दुसरा एखादा असता तर हंड्यांचे पैसे घेऊन गाडीला लागला असता. हे तिथून उठले आणि पायी पिंप्राळ्याला गेले. म्हातारीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग तो हत्ती आता कोठे शे?"

त्या हत्तीच्या पळ्या झाल्या होत्या. दोन डझन. त्यातल्या बऱ्याचशा चाळीसगावच्या बाजारात खपल्याही होत्या. हे काही नानांना सांगवेना. म्हातारी आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. "घे, पाणी तर पी. उन्हातून आला." नाना तांब्या हातात धरून बसले. घोट काही उतरेना. शेवटी तसाच खाली ठेवून निघाले.

त्या दिवसापासून नानांनी एक नेम धरला तो धरला. मोल सांगितल्याशिवाय त्या घरचं पाणी प्यायचं नाही. "पाणी प्यालं की मी पाहुणा झालो," ते म्हणत, "आणि पाहुण्यानं घरातल्या वस्तूला मोल लावायचं नसतं." खानदेशातल्या उन्हात हा नेम पाळायचा म्हणजे आपलं पाणी आपण वागवणं आलं. म्हणून वडिलांचा फिरकीचा तांब्या, आट्यांचं झाकण घट्ट बसणारा, पट्ट्याला अडकवून त्यांच्या खांद्यावर आला तो कायमचाच.

नेमाबरोबर दुकानात एक फळीही आली. मोडीत आलेली जी वस्तू मोडवेना ती नाना फळीवर ठेवत. मान तुटलेला मोर, आत सुरम्याचा डाग असलेली डबी, तीन पायांपैकी एक गमावलेली अडणी. फळीची लांबी दरवर्षी वाढत गेली. नानांच्या पत्नी भिकुबाई दुकानाच्या मागेच राहत, त्यामुळे फळीची प्रगती त्यांच्या डोळ्यांसमोरच चालली होती.

"लोकांची अडगळ माळ्यावर राहते," त्या म्हणत. "आमची गादीच्या वर राहते. एखाद दिवशी डोक्यात पडेल म्हणजे तिचंही मोल कळेल."

समोरच्या ओट्यावर चांदभाई कल्हईवाल्यांचा भाता चाले. त्यांना हे बोलणं रोज फुकटात ऐकायला मिळे. "भाभी," ते तिथूनच ओरडत, "वो मोर को मेरे पास भेज दो. कल्हई लगा देता हूँ. मान नहीं तो क्या, चमकेगा तो!"

"तुमच्या हातात दिला तर राहिलेलंही जाईल," नाना आतून म्हणत.

चांदभाईंचं आणि नानांचं असं वीस वर्षं चाललेलं. चांदभाईंचं म्हणणं, भांडं लखलखीत हवं. नानांचं म्हणणं, भांडं कुठं झिजलंय ते दिसायला हवं. नाना एखादी कळशी हातात घेत आणि गिऱ्हाइकाला विचारत, "तुमच्या आजीबाई डावऱ्या होत्या का हो?" गिऱ्हाईक चकित. नाव समोर धरलं तर कळशीची उजवी कूस गुळगुळीत झालेली असे, त्यावरून नानांनी म्हातारी कोणत्या कडेवर कळशी घेई ते ओळखलेलं असे. काठ कुठे पातळ झाला, बुडाला काजळी कितीदा चढली, नाव टोचलं ते कोणाच्या हातानं, हे बघायला ते एकेका भांड्याला अर्धा अर्धा तास घेत. भिकुबाईंना लग्नासाठी बघायला ते आले तेव्हा मात्र पाच मिनिटांत उठले होते. ही तक्रार नानांनी मरेपर्यंत ऐकली.

हळूहळू त्यांचं नाव झालं. पारोळ्यापासून चाळीसगावापर्यंत कुठेही भावाभावांची वाटणी निघाली, की भांड्याकुंड्यांचं मोल करायला लोटननानांना बोलावणं येई. शेत मोजता येतं, बैलाचे दात बघता येतात. पण आजीच्या चरवीची आणि पणजीच्या परातीची बरोबरी कशी लावायची? नाना लावून देत. एकदाच बोलत. घासाघीस नाही. मोल सांगून झालं की त्या घरचं पाणी पीत, आणि ते पाणी प्याले म्हणजे विषय संपला असं गावंच्या गावं धरून चालत. चांदभाई सोबत जात, कारण वाटणी झाली की दोन्ही चुलींना आपापली भांडी कल्हई करून हवी असत. नाना घर फोडत आणि चांदभाई त्याला चकाकी आणत, असं भिकुबाईंचं मत होतं.

१९३४ साली आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी असंच एक बोलावणं आलं. गाव पारोळ्याच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, भाऊबंद अजून तिथंच आहेत. भाऊ तिघे. थोरला झुलाल बारा वर्षांपूर्वी गिरणीत काम बघतो म्हणून चाळीसगावला मुंबईच्या गाडीत बसला तो बसला. पत्र नाही, निरोप नाही. त्याची बायको ताईबाई घरातच राहिली. राहिलेले दोघे पुना आणि वना. वाटणी या दोघांची.

जमिनीची वाटणी होऊन गेली होती. कागदही झाला होता, आणि तो गावच्या रुपचंद पाटलांनी मोठ्या काळजीनं लिहिला होता. झुलालचा हिस्सा तो येईपर्यंत दोघा भावांनी सांभाळावा, असं त्यात होतं. म्हणजे ताईबाईला आत्ता काही द्यायला नको. घरातल्या वस्तूंना लोटननाना मोल लावतील ते दोघांना मान्य. ज्याला मोल लागणार नाही ती वस्तू सामाईक, जशी विहीर आणि दारचं निंबाचं झाड. आणि सामाईक वस्तू तिघा भावांच्या संमतीशिवाय विकू नये. या शेवटच्या ओळीकडे त्या वेळी कोणी फारसं लक्ष दिलं नाही. कागद भरल्यासारखा वाटावा म्हणून पाटील अशा ओळी घालत.

भांडण होतं ते कानबाईवरून. श्रावणातल्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, गड्यामागे सव्वा मूठ गहू मोजून रोट होतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. ज्याच्या घरी कानबाई, ते घर मोठं. या घरात कानबाईचा पितळी मुखवटा होता. तो कधीपासूनचा ते कोणालाच माहीत नव्हतं. कागद झाला त्या दिवशी भांडण असं होतं:

"झुलालभाऊ नही तं मी मोठा," पुना म्हणे. "कानबाई मना घर बसी."

"तुना घर?" वना म्हणे. "तुना घरमा तुलेच बसाले जागा नही!"

मग एक गोष्ट घडली. सोनेरी काड्यांचा चष्मा लावणारे मुंबईचे एक गृहस्थ मोटारीतून आले. ते गावोगाव जुनी धातूची कामं विकत घेत होते. त्यांनी मुखवटा बघितला, नाक झिजलंय म्हणून हळहळले, नाही तर तीनशे दिले असते म्हणाले, आणि दोनशे रुपये बोलून पत्ता ठेवून गेले.

आता मुखवट्याला मोल आलं, तर तो घेणाऱ्यानं दुसऱ्याला तेवढ्याच मोलाचं काहीतरी सोडायला हवं. दोनशे रुपयांचं सोडायचं म्हणजे विहिरीकडचा तुकडा सोडणं. तेव्हापासून भांडणाची भाषा बदलली.

"वना, तूच ले भो कानबाई," पुना म्हणू लागला. "तुनी बायकोनी भक्ती दांडगी शे."

"नही, नही," वना म्हणे, "मोठा तू शे. मान तुना."

असे आठ दिवस एकमेकांना मान देऊन दमल्यावर दोघांचं प्रथमच एकमत झालं. मुखवटा मुंबईकराला विकायचा, पैसे निम्मे करायचे, आणि जळगावहून चांदीचा छोटासा नवा करून आणायचा. फक्त एक शंका दोघांनाही होती: चष्मेवाल्यानं दोनशे म्हणून आपल्याला फसवलं तर नसेल? म्हणून नानांनी मोल सांगायचं, आणि नाना सांगतील त्यावर सौदा ठरवायचा.

नाना आणि चांदभाई सर्व्हिस मोटारीतून उतरून, पुढे बैलगाडीनं दुपारी बाराला पोचले. उन्हानं ओटा तापला होता. पाटील, दोघे भाऊ आणि गावातले पाच-सहा रिकामे लोक निंबाखाली बसले होते. हंडे, पराती, भगोनी, ताटं यांना मोल लावायला नानांना दोन तास लागले. पुनानं एका घंगाळाच्या बाबतीत तोंड वाकडं केलं, तेवढं सोडलं तर सगळं सुरळीत.

"आते ती आन वं," वनानं आत हाक मारली.

ताईबाई सूप घेऊन आली. सुपात गहू, गव्हावर मुखवटा, मुखवट्यावर धुतलेला हातरुमाल. तिनं सूप नानांसमोर ठेवलं आणि खांबाशी जाऊन उभी राहिली. कपाळावर कुंकू होतं. नवरा नाही असं कोणी सांगू शकत नव्हतं, आणि आहे असंही.

"वजन नही करता ये," पाटील म्हणाले. "देवी शे. तराजूमा नही घालतस."

"माहीत आहे," नाना म्हणाले.

हातरुमाल बाजूला केला आणि नाना मुखवट्याकडे नुसते बघत बसले. नाक जवळजवळ सपाट झालेलं. गाल गुळगुळीत. डोळे मात्र खोल, कारण खोलात बोट पोचत नाही. मुंबईच्या गृहस्थांनी जे नाक वजा केलं होतं, त्या नाकावरच नानांची नजर खिळली. पाण्याची कळशी रोज घासली जाते, ती दोन पिढ्यांत झिजते. कानबाई वर्षातून एकदा घासतात. एकदा घासून नाक इतकं जायचं तर किती श्रावण गेले असतील?

"कशानं घासता?" त्यांनी विचारलं.

"चिंचना पानीवरी," ताईबाई म्हणाली. "सासूबाई राख लायेत. मी राख नही लावस. नाक जास."

नानांनी मुखवटा उचलून उलटा केला. आतल्या कडेला, कानाच्या मागे, कानशीनं घातलेल्या बारीक खाचा होत्या. त्यांनी अंगठ्यानं मोजल्या. सात.

"या कशाच्या?"

"जी सून कानबाई बसाडाले लागस, ती पहिलाच साले एक खाच करस," ताईबाई म्हणाली. "सासूबाईनी सहावी."

"आणि सातवी?"

"मनी," ती म्हणाली. "त्या सालले ते घरच व्हतात."

पुनानं घसा साफ केला. "नाना, लवकर सांगा. चष्मावालाले कागद टाकना शे. खोली बी मोकळी कराले लागी. कपाशी भरनी शे तठे."

"कुठली खोली?"

"कानबाईनी. वहिनी ऱ्हास तठेच." पुना सहज म्हणाला. "ती जाई माहेरले, चाळीसगावकडे. कानबाई नही तं तिले आठे काम काय?"

माहेरी भावाला एक खोली आणि सात पोरं, हे चांदभाईंना मागाहून कळलं. त्या वेळी ताईबाई मुखवट्याकडेही बघत नव्हती. नानांच्या हाताकडे बघत होती. हात मुखवटा खाली ठेवील आणि मग तोंड उघडेल, एवढं तिला कळत होतं.

नानांना मोल काढायला फारसा वेळ लागला नसावा. वीस वर्षं ते हेच करत आले होते. दोनशे खरे की खोटे ते त्यांना नक्कीच कळलं होतं. खरं सांगावं, तर मुंबईला कागद जाणार आणि मोटार येणार. खोटं सांगायची त्यांना सवय नव्हती, आणि मोडीचा भाव सांगून चाललंही नसतं. मुंबईकर दोनशे बोलूनच गेला होता, दोघे भाऊ आनंदानं त्याच्याकडे धावले असते. पितळ एकदा मुशीत गेलं काय आणि मोटारीत गेलं काय, त्याचा खांबाशी उभ्या असलेल्या बाईला फरक काही पडत नव्हता.

त्यांनी मुखवटा गव्हावर ठेवला. हातरुमाल नीट पसरला.

"सांगा नाना," पाटील म्हणाले.

"ताईबाई," नाना म्हणाले, "जरा पाणी द्या."

नानांचा नेम त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक होता. ताईबाई जागची हलली नाही.

"नाना, मोल सांगा, मग प्या ना," पाटील समजुतीनं म्हणाले.

"मोल नंतर. घसा सुकलाय. पाणी द्या, ताईबाई."

ती आत गेली. येताना तांब्या दोन हातांत धरून आणला. नानांनी तो घेतला, तोंड वर केलं आणि वरून धार धरून सगळं पाणी प्याले. घाई केली नाही. गळ्याची घाटी वरखाली होताना सगळं निंबाखालचं मंडळ बघत होतं. मग त्यांनी तांब्या ओट्यावर पालथा ठेवला आणि मिशा पुसल्या.

"नाना, हाई काय करं तुम्ही?" वना उठून उभा राहिला.

"तहान लागली होती."

"आनि मोल?"

"आता कसलं मोल, वना? मी तुमचा पाहुणा झालो."

"नाना, हाऊ दगा शे!" पुना ओरडला. "तुम्हना गळामा तांब्या शे ना! तो कशाले बांधेल शे?"

पाटलांनी कागद काढला, चष्मा लावला आणि वाचायला लागले. वाचताना त्यांचा आवाज जड झाला. आपण एवढं चांगलं लिहिलं होतं हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. मोल न लागलेली वस्तू सामाईक. सामाईक वस्तू तिघा भावांच्या संमतीशिवाय विकू नये.

"तिघं?" वना म्हणाला.

"तिघं. तुम्हीच सांगितलं व्हतं ना, झुलालनं नाव घाला म्हनीसन?"

"म्हनजे झुलालभाऊ येवापावत?"

"येवापावत," पाटील म्हणाले आणि कागदाची घडी घातली. "सामाईक देवीले खोली बी सामाईक लागी. आनि कानबाई बसाडाले सातवी खाचवाली लागी. तिले दाना दोन्ही घरमाईन."

पुना आणि वना एकमेकांकडे बघत राहिले. आठ दिवसांतलं त्यांचं एकमत त्या दिवसापासून जे टिकलं ते नानांना शिव्या देण्यापुरतं टिकलं. ताईबाईनं सूप उचललं आणि आत नेलं. आभार वगैरे काही मानले नाहीत. कोणी कोणावर उपकार केल्याचं दिसलं असतं तर पाटलांना कागद पुन्हा उघडावा लागला असता.

परतताना बैलगाडीत चांदभाईंनी नानांचा फिरकीचा तांब्या सहज बाजूला सरकवायला उचलला. तो जड लागला. त्यांनी कानाशी नेऊन हलवला.

"नाना, ये तो भरेला है."

"असू दे. गरम झालं होतं ते."

चांदभाईंनी फाटा येईपर्यंत वाट बघितली. मग विचारलं, "मुझे तो बताओ. कितने का था?"

"चांदभाई, मी पाणी प्यालो ना?"

"मैंने नहीं पिया!"

"मग तुम्ही करा मोल," नाना म्हणाले आणि टोपी डोळ्यांवर ओढून झोपले.

ही गोष्ट गावोगाव पसरली आणि नानांच्या धंद्याचं तिनं वाटोळं केलं. वाटणीत ज्याला एखादी वस्तू मोलात येऊ द्यायची नसे, तो वेशीवरच तांब्या घेऊन उभा राहू लागला. अमळनेरकडच्या एका गावात तिघी जावा तीन तांबे घेऊन रस्त्यात आडव्या आल्या, आणि नानांना मोटारीतून उतरताना स्वतःचा तांब्या तोंडाला लावूनच उतरावं लागलं. पाणी पिण्यावरून माणूस फिरतो, अशी कुजबुज झाली. बोलावणी कमी झाली, मग थांबली.

"प्यायलात ना पाणी?" भिकुबाई म्हणाल्या. "आता त्याच्यावरच राहा."

महायुद्धात तांब्यापितळेचा भाव आभाळाला भिडला. दुकानाच्या पुढच्या बाजूला टांगायला नवी भांडी मिळेनात. मागची फळी मात्र भरून वाहत होती. ती मोडीत काढली असती तर दोन वर्षं सुखाची गेली असती, हे भिकुबाईंनी पुष्कळदा बोलून दाखवलं. मानतुट्या मोराकडे बोट दाखवून त्या म्हणत, "हा बसला आहे खुशाल. याला काय, याला खायला लागत नाही." नाना मोर खाली काढत, धोतराच्या सोग्यानं पुसत आणि परत ठेवत. तेवढंच त्यांचं उत्तर.

चांदभाई दर श्रावणाआधी त्या गावाला कल्हईसाठी जात. झुलाल आलेला नाही, एवढं येऊन सांगत. १९४५ साली वेगळं सांगितलं. वनाच्या मुलाचं लग्न झालं होतं, आणि ताईबाईनं नव्या सुनेला समोर बसवून मुखवट्याला आठवी खाच घालायला लावली होती. पुना आणि वना दोघेही रोट खायला हजर होते. अजून एकमेकांशी बोलत नाहीत, पण रोट खाताना शेजारी बसतात. नानांनी "कुठल्या बाजूला घातली?" एवढं विचारलं. चांदभाईंनी ते बघितलंच नव्हतं. "तुम्हाला नुसती चकाकी दिसते," नाना म्हणाले.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात नाना गेले. फार आजारी पडले नाहीत. वैद्य औषधाची वाटी घेऊन आला, तेव्हा त्यांनी वाटीवर टिचकी मारून बघितल्याचं चांदभाई सांगत. चांदभाईंचं सगळंच खरं धरायचं कारण नाही.

१९४७ च्या पावसाळ्याआधी चौथ्या गल्लीत एक मोटार थांबली. सोनेरी काड्यांचा चष्मा तोच होता, केस पिकले होते. गृहस्थ दुकानात आले, फळीसमोर उभे राहिले आणि बराच वेळ एकेक वस्तू बघत राहिले. मोराशी जास्त थांबले. भिकुबाई मागच्या दारात उभ्या होत्या. समोर चांदभाईंनी भात्यावरचा हात काढून घेतला. भाता बसत गेला.

गृहस्थांनी खिशातून वही आणि पेन्सिल काढली. "बाई," ते म्हणाले, "तुमच्या मालकांना दृष्टी होती. मी सगळ्या फळीचं एकदम—"

"आधी बसा," भिकुबाई म्हणाल्या. "उन्हातून आलात."

खुंटीवरून त्यांनी फिरकीचा तांब्या काढला. आट्या फिरवून झाकण उघडलं, त्याच झाकणात पाणी ओतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. गृहस्थ सभ्य होते. वही मांडीवर ठेवून ते पाणी प्याले, चांगलं गार आहे म्हणाले, आणि पुन्हा पेन्सिल उचलली.

"तर मोलाचं बोलायचं, तर—"

"पाणी झालं," भिकुबाई म्हणाल्या, आणि झाकणाच्या आट्या घट्ट बसवू लागल्या.